काकांच्या गोठ्यातलं भाजलेलं सोयाबीन

गेल्या महिन्यात आरेतल्या एका गोठ्यावरून काकांचा फोन आला. "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून सोयाबीन भाजून घालायला लागलो. दूध एक थेंब वाढलं नाही. वर शेणात अख्खे दाणे पडतायत. पैसा शेणात चाललाय माझा."

रविवारी सकाळची लोकल पकडून गोरेगावला उतरले. काकांनी पोतं उघडून दाखवलं. वरून दाणे छान खरपूस, काही तर कॉफीच्या रंगाचे. मी आठ-दहा दाणे दगडाने फोडले. बाहेर काळपट साल, आत फिकट पिवळा, कच्चा गर. फुटाणे भाजणाऱ्या भट्टीवाल्याने फुटाण्यासारखेच भाजले होते: तापलेल्या वाळूत टाकायचे, भराभर हलवायचे, चाळून बाहेर काढायचे. हरभऱ्याला ते जमतं. माणसाला फुटाण्याची चव हवी असते. म्हशीच्या पोटाला हवं असतं ते वेगळं, आणि तिथेच सगळी गल्लत होती.

मी सोयाबीन भाजायला का सांगितलं होतं ते आधी लिहिते. म्हशीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला, कोठीपोट, म्हणजे शंभर लिटरच्या वरचं, एकोणचाळीस अंशांवर सतत कोमट असलेलं पिंप. त्यात असंख्य सूक्ष्मजीव. म्हशीने खाल्लेलं धान्य आधी त्यांच्या वाट्याला येतं. कच्च्या कडधान्यातली प्रथिनं पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे हे जीव त्यांच्यावर तुटून पडतात आणि काही तासांत त्यांचा अमोनिया करून टाकतात. त्यातल्या काही अमोनियातून ते स्वतःची शरीरं बांधतात, पुढे चौथ्या कप्प्यात आणि आतड्यात ती शरीरं म्हशीला पचतात. इथवर ठीकच. पण सोयाबीनमध्ये जवळजवळ ४० टक्के प्रथिनं, आणि ती इतक्या झपाट्याने फुटतात की सूक्ष्मजीवांना तेवढा अमोनिया वापरता येत नाही. उरलेला रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे बाहेर पडतो, थोडा दुधातही उतरतो. पहाटे गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना जे झोंबतं, त्यात या वाया गेलेल्या प्रथिनाचाही वाटा असतो.

उष्णता दिली की प्रथिनाची घडी बदलते. ते पाण्यात कमी विरघळतं, साखरेशी त्याचे धागे जुळतात. कोठीपोटातल्या जीवांना ते फोडायला वेळ लागतो आणि बराचसा भाग न फुटता पुढे सरकून लहान आतड्यापर्यंत पोचतो. यालाच आपण बायपास प्रथिनं म्हणतो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने यासाठी पेंडीवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करण्याची पद्धत पुढे आणली. भट्टीने तेच काम रसायनाशिवाय होतं, पण भट्टीला हात जपून लागतो.

किती जपून, ते मी विद्यार्थिदशेत शिकले, आणि त्या आठवणीने आजही अस्वस्थ होते. आमच्या कॉलेजात पोटाच्या बाजूला कोठीपोटापर्यंत जाणारी कायमची झाकणबंद नळी बसवलेला एक रेडा होता. बारीक छिद्रांच्या नायलॉनच्या कापडाच्या पिशव्या आईने घरच्या मशीनवर दुहेरी टीप घालून शिवून दिल्या होत्या. शिवणीतून दाणा गळू नये म्हणून टाक्यांवर मी गोंद लावायचे. त्यांत भरडलेलं धान्य मोजून भरायचं, दोरीला बांधून रेड्याच्या कोठीपोटात सोडायचं आणि दोन, चार, आठ, सोळा, चोवीस, अठ्ठेचाळीस तासांनी एकेक पिशवी काढायची. नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, वाळवायची, वजन करायचं. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रोवेट संस्थेतल्या ऑर्सकोव्ह आणि मॅकडोनाल्ड यांनी या वजनांवरून प्रथिन किती वेगाने फुटतं हे काढायचं समीकरण १९७९ साली दिलं, ते आम्हाला तोंडपाठ होतं. हाताचा वास साबणाने जात नसे. परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यातल्या बायका सरकून बसत.

मी सोयाबीनचे चार नमुने केले होते: कच्चं, उकडलेलं, हलकं भाजलेलं आणि जास्त भाजलेलं. जास्त भाजलेलं चोवीस तासांनीही पिशवीत जवळपास तसंच. मला केवढा आनंद झाला! वहीत त्याच्यापुढे मी "उत्तम" असं लिहून टाकलं. आमच्या बाईंनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "कोठीपोटातून सुटलं, पण आतड्यात पचलं का?"

मग तो नमुना पेप्सिन आणि स्वादुपिंडाची विकरं, म्हणजे पोटातले प्रथिन पचवणारे एन्झाइम, यांत घातला. तिथेही तो जवळपास तसाच राहिला. आम्ल घातलेल्या डिटर्जंटमध्ये उकळला, तर उरलेल्या चोथ्यात नायट्रोजन, म्हणजेच प्रथिन, अडकून बसलेलं. लायसीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची एक वीट, साखरेशी असं घट्ट जोडलं जातं की पुढे कुठलंच विकर त्याला सोडवू शकत नाही. मेलार्ड अभिक्रिया ती हीच, १९१२ मध्ये वर्णन झालेली. भाकरीचा पापुद्रा, चहाबरोबरचा टोस्ट यांना रंग आणि वास तिच्यामुळेच येतो. लालबागच्या आमच्या गल्लीत मसाल्यासाठी खोबरं भाजतानाचा वास येतो, तेव्हा मला अजून ती पिशवी आठवते. म्हशीने ते प्रथिन खाल्लं, कोठीपोटाने सोडलं, आतड्याने सोडलं आणि ते शेणात गेलं. माझं "उत्तम" म्हणजे शेणाला उत्तम.

काकांच्या पोत्यात दोन्ही टोकं एकाच दाण्यात होती. सालीजवळ जळालेलं, आत कच्चं. शिवाय दाणे अख्खे घातले होते. म्हशी घाईने गिळतात, रवंथ करतानाही गुळगुळीत दाणा दाढेखालून निसटतो. म्हणून तो शेणात दिसतो.

लहानपणी संगमेश्वरला आजी बैलांसाठी कुळीथ शिजवायची. संध्याकाळी चुलीवर मोठं पातेलं, सकाळी कोमट कुळथात कोंडा कालवून आंबोण. काकांनी विचारलं, "मग उकडूनच घालू का? भट्टीचे पैसे वाचतील." मी नाही म्हटलं. आजी करत होती ते चुकीचं नव्हतं. उकडल्याने कुळथातलं पिठूळ फुगतं, लवकर पचतं, आणि नांगराला जुंपलेल्या बैलाला ताकद लवकर मिळते. सोयाबीनमधले पचन अडवणारे घटकही उकडल्याने निकामी होतात. मोठ्या जनावरात कोठीपोटातले जीव त्यांतले बरेचसे आधीच मोडतात, पण वासराचं कोठीपोट तयार नसतं, म्हणून त्याला कच्चं सोयाबीन कधीच घालू नये. मात्र शंभर अंशांच्या ओल्या आचेवर प्रथिनाला बायपासचं कवच हवं तेवढं चढत नाही. दूध काढायच्या म्हशीसाठी ते कमी पडतं.

मग आम्ही भट्टीवाल्याकडेच गेलो. आच कमी, वेळ जास्त. दाणा बाहेर पडताना त्याचं स्वतःचं तापमान साधारण १४० ते १५० अंश असावं. मी बरोबर थर्मामीटर नेला होता. बाहेर काढल्यावर लगेच पसरायचं नाही, पोत्यात गच्च भरून अर्धा तास झाकून ठेवायचं, म्हणजे उष्णता गाभ्यापर्यंत जाते. मग मात्र पातळ पसरून गार करायचं, नाहीतर पोत्यातच जळत राहतं. फोडला तर आत-बाहेर सारखाच बदामी रंग हवा. गिरणीत दाण्याचे चार तुकडे करायचे, पीठ नाही. पीठ केलं की कोठीपोटातल्या जीवांना पुन्हा सगळं मोकळं.

कच्चेपणा तपासायची युक्ती काकांना फार आवडली. चमचाभर भरड, थोडं पाणी, चिमूटभर युरिया, बरणीचं झाकण घट्ट. वीस-पंचवीस मिनिटांनी उघडून वास घ्यायचा. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरियाचा अमोनिया करतं, नाकाला झणका बसतो. नीट भाजलेल्यात बसत नाही. (म्हणूनच खुराकात युरिया असेल तर कच्चं सोयाबीन त्यात मिसळायचं नसतं.) पण दाणा जळालाय का, हे ही बरणी सांगत नाही. त्याला डोळा आणि नाकच.

एका गोष्टीवर आमचा वाद झाला. भाताच्या पेंढ्यावर असलेल्या, आटत आलेल्या तीन म्हशींनाही काकांना हेच घालायचं होतं. पेंढ्यात प्रथिन अगदी कमी. तो पचवायला कोठीपोटातल्या जीवांनाच अमोनिया लागतो. त्यांच्या तोंडचं काढून सगळं पुढे पाठवलं तर पेंढाच नीट पचणार नाही. त्या म्हशींना सरकी पेंड आणि तूरचुनीच बरी. भरपूर दूध देणाऱ्यांनाही दिवसाला किलो-दीड किलोच्या आत, कारण सोयाबीनमधलं तेल जास्त झालं की ते जीव मंदावतात.

पावसाळ्यात दमट पोत्यातल्या दाण्यांवर बुरशी दिसली, तर भाजून चालवू नका, हे मी काकांना तीनदा सांगितलं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष या आचेने नाहीसं होत नाही. ते दुधात उतरतं आणि दूध कुणाच्या तरी मुलाच्या पेल्यात जातं.

काल काकांचा फोन आला. शेणात दाणे दिसत नाहीत. दुधाचा हिशोब अजून दोन आठवड्यांनी करायचा ठरलाय. तिसऱ्या खेपेतले मूठभर दाणे त्यांनी डब्यातून पाठवलेत, ते मी उद्या सकाळी फोडून बघणार आहे.