फ्लॅश आला, गीझर बंद!

मी घरी टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करते, म्हणजे जाळीच्या चौकटीतून (स्क्रीन) शाई ओढून छापते. दोन थरांमध्ये रंग हीटगनने (गरम हवेच्या यंत्राने) सुकवायचं रडगाणं मागच्या वेळी गायलं होतं, ते संपलं एकदाचं. आता फ्लॅश आलाय, म्हणजे टी-शर्टवर धरून रंग वरवर सुकवणारं तापतं पॅनल. काळ्या टी-शर्टवर पांढरा रंग एका हातात (थरात) भरत नाही. पहिला हात मारायचा, वरवर सुकवायचा, मग दुसरा. ट्रेकिंग ग्रुपचे १२ टी-शर्ट होते. हीटगन फिरवून मनगट गेलं, आणि तरी एकीकडे रंग ओला, दुसरीकडे कापड करपायला आलेलं. तो ओला कोपरा दुसऱ्या हाताला स्क्रीनच्या पोटाला चिकटला आणि पुढच्या तीन टी-शर्टांवर जाऊन बसला. घरच्यांना वाटलं, डिझाइनच तसं आहे.

फ्लॅश घेताना सगळे वॅट विचारतात. मीही विचारले. पण आता कोणी सल्ला मागितला तर सांगेन, कडा बघा. दुकानात जाताना लेझर थर्मामीटर आणि एक जुना काळा सुती टी-शर्ट पिशवीत टाकला होता. १६×१६ इंचाचं पॅनल १५ मिनिटं तापू दिलं, तीन इंच खाली कापड धरून २० सेकंद मोजले. मध्यभागी ११८ अंश, कोपऱ्यात ७९! प्लॅस्टिसोल (उष्णतेनेच घट्ट होणारी माझी शाई) जेल व्हायला, म्हणजे वरवर आळायला, शंभरच्या आसपास तरी लागतात, शाईगणिक थोडं कमीजास्त. माझं मोठं डिझाइन १२×१४, म्हणजे वरखाली जेमतेम एकेक इंच उरणार आणि नेमकं तिथेच पॅनल थंड.

दुकानदार म्हणाला, "ताई, दहा सेकंद जास्त ठेवा की." ठेवले असते, पण मग मध्यभागातला पहिला थर पुरता पिकतो (पक्का होतो), वरचा त्याला धरत नाही आणि चार धुण्यांत पापुद्रा निघतो. १८×१८ वर तीच चाचणी केली: मध्ये ११६, कोपऱ्यात १०१. तोच उचलला. क्वार्ट्झ नळ्यांचा फ्लॅशही पाहिला. दिव्यासारखा लगेच तापतो, हवा तेवढाच चालू ठेवायचा, त्यामुळे घरी एकेक टी-शर्ट काढणाऱ्याला खरं तर तोच सोयीचा. पण खिसा नाही म्हणाला.

घरी आणल्यावर वायरिंगची शाळा. मशिनच्या पट्टीवर २४०० वॅट लिहिलंय, म्हणजे २३० व्होल्टला साडेदहा अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला हे झेपणारं नाही, म्हणून बाथरूमशेजारच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावला. तिसरा टी-शर्ट पाटावर (छपाईसाठी तो चढवतात ती फळी), तेवढ्यात सासूबाईंनी इन्स्टंट गीझर लावला. तो ३००० वॅटचा, आणि दोन्ही एकाच एमसीबीवर! थोड्या वेळात सगळं गप्प. आता सकाळी नऊपर्यंत अंघोळी, मग छपाई. वेगळी लाइन ओढायला इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र मला आधी कोणी सांगायला हवी होती. पहिल्या टी-शर्टला १४ सेकंद लागले, सहाव्याला आठच पुरले, कारण तोवर पाटच तापलेला असतो. मी घड्याळ बघत १४ वरच अडून राहिले आणि दुसऱ्या हाताला शाई जाळीतच आळायला लागली. आता पाटाकडे छोटा टेबलफॅन लावते आणि घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवते. बोट हलकंच टेकवायचं. रंग बोटाला लागला नाही पण किंचित चिकट वाटला, की पुरे. पांढरा आता ४३टी (सेंटिमीटरला ४३ धागे) जाळीतून दोन हातांत दाट बसतो. शेवटचं १६० अंशांवर पिकवणं अजून हीटप्रेसवरच, मध्ये टेफ्लॉन शीट ठेवून.

पुढचं काम पुतण्याच्या क्रिकेट टीमच्या लाल पॉलिस्टर जर्सींचं. त्या कापडाचा रंग उष्णतेने वर चढतो आणि पांढरे आकडे गुलाबी होतात. कमी तापमानाला पिकणारा लो-ब्लीड (कापडाचा रंग वर चढू न देणारा) पांढरा मागवलाय. आधी एका फाटक्या जर्सीवर ७ नंबर काढून रात्रभर ठेवणार आहे, कारण गुलाबी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसतो.