क्रेन पाठवण्याआधी फोनवर काय विचारायचं

ब्रेकडाउनचा फोन आला की सुपरवायझरचं निम्मं काम तिथंच होतं. 'मोहोळच्या पुढं' एवढ्यावर क्रेन सोडू नये. पुणे-हैदराबाद महामार्गाची कुठली बाजू, किलोमीटरच्या दगडावर आकडा काय, हे आधी घ्यायचं. चुकीच्या बाजूला गेलेली क्रेन दुभाजकातल्या पुढच्या कटवरून वळून येईपर्यंत गिऱ्हाईक उन्हात तापलेलं असतं, आणि सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको.

मग गियरचं विचारा. ऑटोमॅटिक, इलेक्ट्रिक किंवा चारही चाकांना ड्राइव्ह असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक. साधी पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची कार पुढून उचलून, हँडब्रेक सोडून नेता येते.

खरी मेख मालट्रकमध्ये आहे. एअर ब्रेकमधली हवा उतरली की आतली स्प्रिंग मागची चाकं जखडते. ओढत नेलं तर टायर घासून जातात. क्रेनवरून हवेचा पाइप जोडा, नाहीतर ब्रेक चेंबरचा रिलीज बोल्ट फिरवून स्प्रिंग मागं घ्या. पण त्याआधी चाकांना उटी, म्हणजे अडसराचे ठोकळे, लावा! ब्रेक सुटल्यावर उतारावर ट्रक कुणाचं ऐकत नाही. शिवाय मागची चाकं जमिनीवर राहणार असतील तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, काढायचा; नाहीतर फिरती चाकं गियरबॉक्सही फिरवतात. इंजिन बंद असताना बहुतेक गियरबॉक्समध्ये तेल वरपर्यंत पोचत नाही, आणि बेअरिंग जळतात. काढलेले नट-बोल्ट पिशवीत घालून केबिनमध्येच ठेवावेत.

उचलण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. जुन्या ओरखड्यांचे जास्तच.