तुम्ही विचारलंत म्हणून: लॅबमधलं सोनं घरी आणता येतं का?

लग्नकार्यात आई कौतुकानं सांगते, "ही सोन्यावर काम करते." पुढचा प्रश्न ठरलेला: "मग थोडंफार घरी आणता येतं का गं?"

आता हिशेबच सांगते. सोन्याच्या नॅनोकणांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, १०० मिली द्रावण करायला मला जेमतेम ५ मिलिग्रॅम सोनं लागतं. १० ग्रॅम जमवायचे तर असे २,००० फ्लास्क उचलून आणावे लागतील, म्हणजे २०० लिटर पाणी!

आणि आणलं तरी ते सोनं वाटणार नाही. सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या फिकट पिवळ्या द्रावणात सोडियम सायट्रेट घातलं, की काही मिनिटांत रंग कोकम सरबतासारखा लाल होतो. कण १५-२० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). एवढं बारीक सोनं हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून उरतो तो लाल. फॅरेडेनं १८५७ मध्येच या लाल रंगाचं कारण सोन्याच्या बारीक कणांत शोधलं होतं.

कोकम सरबतात मीठ हवंच, इथे मात्र ते घात करतं. कणांवर सायट्रेटचा ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. मिठानं तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण निळं पडतं. सुरुवातीला मी एकदा फ्लास्क नळाच्या, म्हणजे क्षार असलेल्या, पाण्यानं विसळून तसाच वापरला, तर वांग्याच्या रंगाचं काहीतरी तयार झालं. सर नुसतेच बघत राहिले.

कॅन्सरवरच्या उपचाराबद्दलही विचारतात. सोन्याचा मुलामा दिलेले कण गाठीत पोचवून लेझरनं तापवायचे, हा प्रयोग अमेरिकेत प्रोस्टेटच्या रुग्णांवर झाला आहे. २०१९ च्या अहवालात रुग्ण होते १६. त्यामुळे मी फार बढाया मारत नाही.

बढाई मारायचीच तर प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीची. बऱ्याच पट्ट्यांमधली लाल रेघ सोन्याचीच असते. पट्टीच्या टोकाशी हे कण सुकवून ठेवलेले असतात, अंगावर अँटिबॉडी (ठरावीक रेणूच धरून ठेवणारं प्रथिन) चढवून. लघवी खारट, पण या प्रथिनाच्या अंगरख्यामुळे कण एकत्र चिकटत नाहीत. गरोदरपणातलं एचसीजी संप्रेरक त्यांना चिकटतं, सगळे मिळून पुढे वाहतात आणि रेघेवर बसलेली दुसरी अँटिबॉडी त्यांना धरून ठेवते. एकटा कण दिसत नाही. असंख्य कण अडकले की रेघ उमटते. शेजारची दुसरी रेघ उरलेले कण धरते, पट्टी नीट चालली एवढंच सांगायला.

तेव्हा हो, आमच्या घरी सोनं आलं, पण मेडिकलमधून, वहिनीनं आणलेलं. सराफ मोडीत घेणार नाही.