रीलला तेल कुठे घालू नये

इकडे हिवाळा लागला की समुद्रावर गळ टाकून बसणं जवळजवळ बंद होतं. मग हा नाद असलेली मंडळी घरात रील, म्हणजे गळाच्या काठीवरचं तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळायचं चाक, उघडून बसतात. मीही त्यातलाच. परवा व्हिडिओ कॉलवर टेबलावरचा पसारा बघून बाबांनी विचारलं, "शिलाई मशीनचं तेल चालेल का रे त्याला?" चालतं की. पातळ असतं, बेअरिंगमध्ये झटकन शिरतं. फक्त खाऱ्या पाण्यापुढे फार दिवस टिकत नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा घालावं लागतं. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र खरा घोळाचा होता: "मग सोड की सगळीकडे चार-चार थेंब!"

सगळीकडे नाही, बाबा. रील बिघडतात त्यातल्या बऱ्याचशा माझ्या मते जास्तीच्या तेला-ग्रीसनेच बिघडतात.

स्पिनिंग रीलमध्ये तंगूस गुंडाळलेला स्पूल (रीळ) जागेवर राहतो आणि रोटर त्याच्याभोवती फिरतो; हा रोटर काढला की खाली एक गोल बेअरिंग दिसतं. त्यात बारीक रोळ्या (रोलर) असतात. हँडल पुढे फिरवलं की त्या मोकळ्या फिरतात, मागे फिरवायला गेलं की अडकून बसतात. मासा ओढत असताना हँडल उलटं फिरत नाही ते यांच्यामुळे. इथे ग्रीस गेलं की रोळ्या घसरतात, आणि थंडीत ग्रीस घट्ट झालं की आणखीनच. मोठा मासा लागावा आणि हँडलने उलटं फिरून बोटांवर फटका मारावा, असं होतं ते यामुळे. हे बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि अगदी पातळ तेलाचा जेमतेम ओलावा ठेवायचा. बस्स.

दुसरी जागा ड्रॅगची. मासा जोरात पळाला तर तंगूस तुटू नये म्हणून स्पूल घसरू देणाऱ्या या चकत्या, कुठे नमद्याच्या, कुठे कार्बनच्या. त्यांचं सगळं काम घर्षणावर चालतं. साधं तेल गेलं की ड्रॅग गचके देत सुटतो. काही चकत्यांना ड्रॅगसाठीच बनवलेल्या ग्रीसचा पुसट हात लागतो, काही कोरड्याच ठेवायच्या असतात. रीलसोबत आलेला कागद जपून ठेवावा, तो इथे कामाला येतो. बेटकास्टिंग रीलमध्ये (यात गळ फेकताना स्पूलच फिरतो) आणखी एक पथ्य: स्पूलच्या बेअरिंगला तेलाचा एखादा थेंब, ग्रीस नाही, आणि स्पूलचा वेग आवरणाऱ्या ब्रेकचं कडं पूर्ण कोरडं.

ग्रीसचं खरं घर म्हणजे गिअरचे दात. जुनं ग्रीस काळपट झालेलं असतं, त्यात धातूची बारीक पूड मिसळलेली असते. त्यावरच नवं थापलं तर ती पूड दात घासत राहते. आधी जुन्या टूथब्रशने सगळं काढायचं, मग नवं ग्रीस बारीक कुंचल्याने दातांपुरतंच लावायचं. बॉडीत गच्च भरलं की हँडल जड होतं. कुठलाही भाग ॲसिटोनमध्ये बुडवू नये, प्लास्टिक विरघळतं. डब्ल्यूडी-४० ची फवारणीही इकडे सर्रास चालते. ते १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखायला तयार झालं, आणि ते काम ते छान करतं. पण आतलं ग्रीसही ते पातळ करून टाकतं, म्हणून गिअरवर नको.

उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढावा आणि भाग काढले त्याच क्रमाने ओळीत मांडावेत. मुख्य गिअरच्या बाजूला कागदाइतक्या पातळ चकत्या असतात, त्या ग्रीसला चिकटून फडक्याबरोबर निघून जातात. एक जरी हरवली तरी दात नीट बसत नाहीत आणि रील घरघरायला लागतं. स्प्रिंग उडायची भीती असेल तर तो भाग पारदर्शक पिशवीत हात घालून सोडवावा. एखादा नट हलतच नसेल तर जोर लावण्याआधी आटे उलटे आहेत का ते बघावं.

आता खरं सांगू? एवढं उघडायची वेळ वर्षातून एकदा आली तरी पुरे. रील वाचतं ते रोजच्या पाण्याने. समुद्रावरून आलं की आधी ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे पाणी आत जात नाही, आणि नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवायचं. जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत ढकललं जातं. बादलीत बुडवणं तर नकोच.

मग फडक्याने पुसून बेलच्या, म्हणजे तंगूस स्पूलवर नेणाऱ्या तारेच्या कमानीच्या, टोकाची छोटी फिरकी बोटाने फिरवून बघायची, जिच्यावरून तंगूस वळतो ती. सगळ्यात आधी मिठाने जाम होते ती हीच. फिरेनाशी झाली की तंगूस तिच्यावर घासत राहतो, त्याला पीळ पडतात, हळूहळू फिरकीवर बारीक चर उमटते आणि त्या चरीत तंगूस सोलवटतो. तिथे तेलाचा एक थेंब, हँडलच्या मुठीत एक. शेवटी ड्रॅग पुन्हा सैल करून रील सावलीत वाळवायचं, नाहीतर चकत्या दाबल्या जाऊन तशाच बसतात.