बोवाराच्या उतारावर ऑलिव्हची तोडणी

पेरूजाला स्थायिक झालेल्या माझ्या मैत्रिणीने नोव्हेंबरच्या सुट्टीसाठी इटलीच्या उंब्रिया प्रदेशातील त्रेवीच्या डोंगराखालचे बोवारा हे छोटे गाव निवडले होते. असिसी ते स्पोलेतो या उतारांवरील ऑलिव्हच्या बागांना २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशात स्थान दिले असून, बोवारा याच पट्ट्यात येते. घरमालकीणबाईंनी घरामागच्या वीस झाडांची फळे उतरवण्याची मुभा आम्हाला दिली. बोली अशी, की तेल निम्मे त्यांचे आणि निम्मे आमचे.

झाडाखाली जाळी अंथरायची आणि हातातल्या फणीने फांदी विंचरत यायचे, एवढेच काम. पण उतारावर शिडी टेकवताना दर वेळी जीव मुठीत धरावा लागे. मोराइओलो जातीचे हे फळ बारीक आणि देठाला घट्ट असते. पहिल्या संध्याकाळी जेमतेम ९० किलो भरले. आपले तेल वेगळे गाळून हवे असेल तर घाण्यावर किमान दोन क्विंटल माल लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला! तोडलेले फळ ढिगात तापले की तेलाला कुबट वास येतो, म्हणून आम्ही ते जाळीदार क्रेटमध्ये पातळ पसरून थंड पडवीत ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून राबून, दंवाने बोटे बधिर झालेली असतानाही, आम्ही संध्याकाळपर्यंत २१० किलोचा काटा गाठला.

घाण्यावर पाला उडवून व फळे धुऊन ती बियांसकट भरडली गेली. तो जांभळट-हिरवा लगदा बराच वेळ घुसळला जात असताना मैत्रीण तापमानाच्या आकड्यावरून नजर हटवत नव्हती, कारण तेल थंड पद्धतीने काढलेले म्हणायचे तर पारा २७ अंशांखाली राहावा लागतो. अखेर नळीतून गढूळ, गर्द हिरवी धार सुटली. एकूण ३० लिटर!

त्याच रात्री मालकीणबाईंनी चुलीवर पाव भाजला, त्यावर लसणाची पाकळी घासली आणि वर तेलाची धार सोडली. उंब्रियाचा पाव अळणीच असतो, त्यामुळे कडवट, तिखट तेलाची चव थेट जिभेला भिडली आणि मला ठसका लागला. तेल ताजे आहे, मोराइओलो असेच घशाला लागते, असे त्या समाधानाने म्हणाल्या. आमच्या वाट्याच्या १५ लिटरांपैकी पाच लिटरचा एक डबा मी पुण्याला आणला. तो फडताळात उजेडापासून दूर ठेवला असून, ते तेल आम्ही तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर कच्चेच घेतो.