बेदाण्याच्या शेडातला लॅब्रॅडॉर

मार्च आणि एप्रिल हे महिने तासगाव परिसरात बेदाण्याचे असतात. बागेतून उतरवलेली द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरली जातात, दोनेक आठवड्यांत वाळतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. हा चारास एकचा हिशेब बागायतदाराला भावासाठी लागतो. पशुवैद्यक म्हणून मला तो कुत्र्यांसाठी लागतो, कारण द्राक्षातले पाणी उडून जाते आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असलेला अंश बेदाण्यात एकवटून राहतो.

गेल्या हंगामात एका दुपारी मळ्यातल्या वस्तीवरून एका वहिनींचा फोन आला. घरातला लॅब्रॅडॉर शेडमध्ये शिरला होता, काड्या निवडण्यासाठी ठेवलेल्या घमेल्यात तोंड घालून त्याने बेदाणे फस्त केले होते आणि नुकतीच एक उलटी केली होती. दीर मिठाचे पाणी पाजायला निघाले आहेत, पाजू द्यावे का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना तिथल्या तिथे थांबवले. उलटी व्हावी म्हणून मीठ पाजण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, परंतु त्याने रक्तातील सोडियम इतके वाढू शकते की कुत्र्याला झटके येतात आणि प्रसंगी तो त्यातच जातो. काहीही पाजू नका, उरलेले बेदाणे घमेल्यासकट सोबत घ्या आणि आहात तसे निघा, एवढेच मी सांगितले.

ब्रुनो जीपमधून स्वतःच उडी मारून उतरला आणि शेपूट हलवत थेट खाद्याच्या बरणीकडे गेला. त्याच्यामागून मालक, वहिनी, आजी आणि जीप चालवणारे शेजारी असे सगळे आत आले. ब्रुनोचे वजन ३१ किलो भरले. घमेल्यात उरलेले बेदाणे तोलल्यावर निदान पाव किलो तरी त्याच्या पोटात गेले असावेत, असा अंदाज निघाला. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३ ग्रॅम बेदाणे खाल्ल्यावरही मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. ब्रुनोच्या पोटात त्याच्या अडीच पटीहून अधिक गेले होते.

मालकांना मात्र वेगळाच दिलासा वाटत होता. हे बेदाणे घरच्या खाण्यासाठी मुद्दाम वेगळे ठेवलेले होते, त्यांना गंधकाची धुरी दिलेली नव्हती, तेव्हा विषबाधेचा प्रश्नच येत नाही, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचा प्रामाणिकपणा मला दिसत होता, आणि म्हणूनच स्पष्ट बोलणे भाग होते. येथे दोष गंधकाचा नव्हता, फवारणीचाही नव्हता. सर्वांत स्वच्छ, सर्वांत गोड बेदाणासुद्धा कुत्र्याच्या जिवावर उठू शकतो.

उलटीचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच ट्रे भरला. पोटातले पाणी पिऊन टपोरे झालेले, पिवळसर हिरवे, बहुतेक अख्खेच बेदाणे बाहेर आले. लॅब्रॅडॉर चावत बसत नाही, गिळतो, आणि त्या दिवशी ते आमच्या पथ्यावर पडले. तरीही सगळे बाहेर आले असे समजणे धोक्याचे होते. म्हणून पोटातले विष शोषून घेण्यासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल दिला, पुढच्या पायात सुई बसवून सलाइन सुरू केले, आणि लघवी मोजता यावी म्हणून कॅथेटर, म्हणजे मूत्राशयापर्यंत जाणारी नळी, घातला. या वजनाच्या कुत्र्याला तासाला किमान ३० मिली लघवी व्हायला हवी. ती अडली तर पुढचा मार्ग डायलिसिसचा, आणि तालुक्याच्या गावी तो जवळपास बंदच असतो.

आजी तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बेदाणंच खाल्ल्यात की वो, काय इख न्हाय खाल्लं. आमचा मोत्या जलमभर शेडात लोळला, पडलेलं बेदाणं येचून खाल्लं, म्हातारा होऊन मेला.”

आजींचे म्हणणे खोटे नव्हते. काही कुत्रे द्राक्षे खाऊनही ठणठणीत राहतात, तर काहींची मूत्रपिंडे मूठभर बेदाण्यांनी बंद पडतात, आणि हे कोडे पशुवैद्यकांनाही अनेक वर्षे सुटले नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा नियंत्रण केंद्रातील पशुवैद्यकांनी संशयित म्हणून टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार, घालून घरी केलेला खेळण्याचा मऊ गोळा खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणे द्राक्षाच्या विषबाधेशी जुळत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. या आम्लाचे प्रमाण द्राक्षाची जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार बदलते, त्यामुळे एका घमेल्यातला बेदाणा पचला म्हणून दुसऱ्यातला पचेल असे नाही. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, असे मी सांगताच वहिनी दचकल्या, कारण ब्रुनोला रोज आमटीभात मिळत होता. त्या आमटीत चिंचेसोबत कांदा-लसूणही असे, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

खरा कठीण प्रसंग संध्याकाळी आला. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे दमली की रक्तात साचणारा घटक, १.१ आले, म्हणजे अगदी योग्य, आणि ब्रुनो पट्टा बांधलेला पाय टेकवत दाराकडे ओढ घेत होता. रिपोर्ट नॉर्मल आहे, शेडवर माणसे थांबली आहेत, घेऊन जातो, असे मालक म्हणाले. ऐन हंगामात एका माणसाचा खोळंबा काय असतो हे मला ठाऊक आहे. परंतु मूत्रपिंडांना झालेली इजा रक्तात उमटायला २४ ते ७२ तास लागतात, पहिल्या दिवसाच्या चांगल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, आणि सलाइनचा उपयोग आकडा चढण्याआधीच सर्वाधिक असतो. मी हे त्यांना कागदावर तासांची रेघ आखून दाखवले. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “तुम्ही जावा शेडवर, मी थांबते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रिएटिनिन २.६ झाले. ब्रुनोने खाण्याकडे तोंड फिरवले, आणि लॅब्रॅडॉरने तोंड फिरवणे मला आकड्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते. लघवी मात्र चालू राहिली. पुढच्या तपासणीत आकडा थबकला, मग उतरू लागला, आणि १.५ वर आल्यावर मी त्याला घरी सोडले, तेही दर आठवड्याला रक्त तपासण्याच्या बोलीवर.

या मुक्कामात शेजाऱ्यांशी झालेले बोलणे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. त्यांनाही मुलांसाठी पिल्लू हवे होते. एका विक्रेत्याने हस्कीचे पाच आठवड्यांचे पिल्लू देऊ केले होते आणि विसार द्यायचा तेवढा बाकी होता. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांत बसत नाही, हे मी त्यांना सांगितले. त्याहून मोठी गोष्ट ही की, इतक्या लवकर आई-भावंडांपासून तोडलेले पिल्लू चावा आवरायला नीट शिकत नाही, आणि घरात लहान मुले असताना त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला कुत्रा एप्रिलच्या पत्र्याच्या शेडाशेजारी बांधणे मला क्रूर वाटते, आणि मी ते तशाच शब्दांत सांगितले.

मग लॅब्रॅडॉर घ्यावा का, असे त्यांनी विचारले. स्वभावाने तो मुलांसाठी उत्तम आहे. परंतु २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची खाण्याची हाव अधिक असते. ज्या घरात हंगामभर अंगणापासून माजघरापर्यंत बेदाणा पसरलेला असतो, तेथे असा कुत्रा आणायचा तर शेडला जाळीचे दार आणि आतून कडी आधी हवी. गावठी कुत्र्यालाही बेदाणा तितकाच घातक, फक्त त्यातले बरेचसे दिसेल ते गिळत सुटत नाहीत. आई कशी आहे ते पाहा, पिल्लू माणसाजवळ स्वतःहून येते का ते पाहा, आणि दिवसा त्याच्याजवळ कोण असणार ते आधी ठरवा, असे मी सुचवले.

उन्हाळा सरता सरता ते वस्तीवरच्याच एका कुत्रीचे दहा आठवड्यांचे मादी पिल्लू लसीसाठी घेऊन आले. विक्रेत्याला त्यांनी नकार कळवला होता. पिल्लाला दूध-चपाती चालू होती. तेवढ्यावर हाडे वाकू शकतात, म्हणून आम्ही आहार बदलला. दिवसातून तीन वेळा पिल्लांचे संतुलित खाद्य, आणि जोडीला अधूनमधून उकडलेले अंडे किंवा मीठ-मसाला न घातलेले, हाडे काढलेले कोंबडीचे मांस. घरच्या ताटातले उष्टे अजिबात नाही. आमच्या घरच्या आजींना हे कोण सांगणार, असे त्यांनी विचारले तेव्हा ब्रुनोच्या घरच्या आजींना सोबत न्या, असे मी म्हणाले, आणि ते त्यांना पटले.