आरएसआयच्या आधी एडीएक्स: साखरेच्या चार्टवरच्या नोंदी

पावसाळ्यापासून एक शिस्त पाळतोय. शेअरचा चार्ट उघडला की आधी एडीएक्स (भावाचा कल किती जोरदार आहे ते सांगणारा आकडा) बघायचा, मग आरएसआय (अलीकडच्या वाढ-घटीवरून भावाचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा).

आमच्या बेळगावात शहापूर-टिळकवाडीकडे चार ट्रेडर जमले की "आरएसआय सत्तरच्या वर गेला, विकून मोकळा हो" हे हमखास ऐकू येतं. मला ते पटत नाही. वेल्स वाइल्डर या अमेरिकी चार्ट-विश्लेषकाने हे दोन्ही इंडिकेटर १९७८ साली एकाच पुस्तकात मांडले आणि ते जोडीनेच वाचावेत, असं माझं ठाम मत झालंय. एडीएक्स २०च्या खाली असला की भाव पट्ट्यात घुटमळतो. तिथे आरएसआयचे ७० (भाव जास्त चढल्याची खूण) आणि ३० (जास्त पडल्याची खूण) उपयोगी पडतात. एडीएक्स २५च्या वर चढत असेल आणि प्लस डीआय (चढाचा जोर दाखवणारी रेषा) मायनस डीआयपेक्षा (उताराच्या रेषेपेक्षा) वरचढ असेल, तर ७० म्हणजे तेजीचा जोर. तेव्हा आरएसआय बराच काळ वर टिकतो आणि खाली आला तरी बहुधा ४०-५०ला सावरतो. मात्र एडीएक्स दिशा सांगत नाही, जोरदार मंदीतही तो चढतोच.

आरएसआय एकदा तरी वहीत हाताने काढा. समजा, १४ दिवसांची सरासरी वाढ ६ आणि सरासरी घट ३ आहे. भागाकार २; १०० मधून १००/(१+२) वजा केले, म्हणजे आरएसआय ६६.७. आज भाव २० रुपयांनी चढला. जुन्या ६ला १३ने गुणा, २० मिळवा, १४ने भागा: ७. आजची घट शून्य धरून सरासरी घट तशीच काढली की २.७९. आरएसआय ७१.५! एका दिवसाच्या उडीने सत्तरी ओलांडली. एवढ्यावरून माल कशाला विकायचा?

सराव साखरेच्या शेअरवर चाललाय. रेणुका शुगर्सचं नोंदणीकृत कार्यालय बेळगावातच, आणि चिकोडी-अथणीकडच्या उसाच्या गप्पा रोज कानावर असतात. पण ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली आणि साखरेचे शेअर धडाधड पडले. अशी बातमी कुठलाही इंडिकेटर आधी सांगत नाही. म्हणून सरकारी निर्णय तोंडावर असला की मी सौद्याचा आकार निम्मा करतो, मग एडीएक्स कितीही असो.

आता हेच साप्ताहिक चार्टवर लावतोय. गळीत हंगाम सुरू झाला की पुढच्या नोंदी टाकेन. निपाणी-खानापूरकडचं कुणी एडीएक्सचा कालावधी १४ऐवजी वेगळा ठेवत असेल, तर जरूर कळवा.